नेमगिरीच्या माथ्यावरून

परभणी जिल्ह्यातील जैन कुटुंबांना नेमगिरी नवी नाही. जिंतूर शहरापासून अवघ्या तीन किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरत उतरत मराठवाड्याच्या काळ्या मातीला भिडतात, तेथे नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते, असे परंपरा सांगते. नेमगिरीच्या पोटातील सात गुहा, त्यांची अतिशय ठेंगणी दारे आणि त्या दारांच्या मानाने कल्पनेतही न बसणाऱ्या भव्य जिनमूर्ती यांच्या दर्शनासाठी वर्षभर यात्रेकरू येतात. बहुतेक जण वाहनाने येतात, अभिषेक-पूजन उरकतात, जेवतात आणि दुपार कलायच्या आत औंढ्याच्या किंवा परभणीच्या रस्त्याला लागतात. गुहांच्या वरच्या अंगाला टेकडीचा जो उघडा माथा आहे, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. तेथे मूर्ती नाही, कळस नाही. आहे तो केवळ चहूकडचा मुलूख. यात्रेला निघालेल्या माणसाला मुलूख पाहण्याची सवड नसते, हे आपल्या यात्रांचे एक उणेपण म्हटले पाहिजे.

पूर्ण्याच्या मोंढ्यातील एक आडत व्यापारी कुटुंब मार्गशीर्षातील एका रविवारी या माथ्यासाठी निघाले. मोंढा बंद होता. सोयाबीनची आवक ओसरली होती, कापसाची चालू होती, आणि अशा दिवसांत एक पूर्ण रविवार दुकानाच्या हिशेबातून काढणे मुलाच्या जिवावर आले होते. परंतु सूचना ७४ वर्षांच्या अण्णांची होती. माघ महिन्यात नांदेडला त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्यात आला होता, आणि तेव्हापासून त्यांनी स्वतः होऊन कोठे जाण्याची इच्छा बोलून दाखवली नव्हती. डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले होते. चढ चढताना सहज बोलता येत असेल तर चढावे, बोलणे तुटू लागले की बसावे, एवढे एकच पथ्य घालून दिले होते. अण्णांनी घरात सांगितले ते असे : “जिंतूरपर्यंत गाडी. पुढे पायी. आणि गुहांपाशी थांबायचे नाही, माथ्यापर्यंत जायचे.” कारण त्यांनी सांगितले नाही.

कारण होते, आणि ते समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागते.

अण्णांनी तरुणपणी दिग्व्रत घेतले होते. श्रावकाच्या तीन गुणव्रतांपैकी हे पहिले. दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा ठरवायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. मर्यादा मोघम चालत नाही; समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, प्रांत, योजने अशा प्रसिद्ध खुणांनी ती बांधायची असते, असे आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे. अण्णांची बांधणी उदार होती : पूर्वेस सम्मेदशिखर, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, उत्तरेस हस्तिनापूर, पश्चिमेस समुद्र. वरच्या दिशेला त्यांनी शिखरजीचीच उंची धरली, म्हणजे सुमारे १३५० मीटर. पन्नास वर्षांपूर्वी पूर्ण्याच्या तरुण आडत्याला ही मर्यादा आकाशाएवढी वाटली असणार. पुढे विमाने स्वस्त झाली आणि घोटाळा झाला. दिल्लीचा व्यापारी मेळावा असो की भाच्याचे लग्न, विमान दहा हजार मीटरवरून जाते, आणि अण्णा रेल्वेने दोन रात्री मोजत जातात. मुलाने एकदा चिडून विचारले होते, की विमानाच्या आत तर माणूस जमिनीवरच बसल्यासारखा असतो, मग उंची कसली. अण्णांनी उत्तर दिले नव्हते, फक्त रेल्वेचे तिकीट काढले होते.

दिग्व्रताच्या आत आणखी एक व्रत असते, ते देशव्रत. कोणी त्याची गणना गुणव्रतांत करतात, कोणी शिक्षाव्रतांत. मोठ्या मर्यादेच्या आत ठरावीक मुदतीसाठी लहान मर्यादा आखायची : चार महिने हे गाव, एक महिना ही पेठ, आज हे घर. आजारातून उठल्यावर अण्णांच्या मनात हे व्रत घोळत होते. आता शिखरजी होणे नाही, श्रवणबेळगोळ होणे नाही. मग जे होणार नाही ते मोकळे ठेवून काय उपयोग? मर्यादा आखायची तर कोठे आखायची, हे दुकानात गादीवर बसून ठरेना. म्हणून त्यांना उंचावरून पाहायचे होते. जेवढे डोळ्यांना दिसेल तेवढे आपले, बाकीचे सुटले, असा त्यांचा साधा विचार होता.

घरात मात्र दुसरा विचार शिजत होता. मुलाने पुण्यात व्यवसायाची दुसरी शाखा काढली होती, तेथे राहते घर घेण्याचे ठरत आले होते, नात दहावीनंतर तिकडेच शिकणार होती. अण्णांची लेकही पुण्यातच दिलेली. जूनपर्यंत सगळ्यांनी हलावे, पूर्ण्याचे दुकान पुतण्यांनी पाहावे, अशी मांडणी झाली होती. फक्त ती अण्णांपुढे कोणी नीट मांडली नव्हती.

पहाटेच्या गाडीने मंडळी निघाली. मिरखेल, पिंगळी, परभणी; तेथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर एसटीने जिंतूर. खिडकीबाहेर तुरीला पिवळा बहर होता, वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांवर मागे राहिलेली बोंडे पांढरी दिसत होती, आणि ज्वारी पोटरीला आली होती. जिंतूरला आजींसाठी रिक्षा केली. त्यांचे गुडघे दहा वर्षांपासून धरलेले; त्यांनी क्षेत्रावर पुढे जाऊन बसावे असे ठरले होते. बाकीचे चौघे पायी निघाले.

तीन किलोमीटर हे काही अंतर नव्हे. पट्टीच्या चालणाऱ्याने त्याला चालणेही म्हणू नये. परंतु अण्णांच्या चालण्याला घाई नव्हती, आणि त्यांची नजर सवयीने चार हात पुढच्या जमिनीवर होती. मुनींच्या ईर्यासमितीचा हा धडा गृहस्थाला पूर्णपणे पाळता येत नाही, पण तो अंगी मुरला की माणसाला वाट फार बारकाईने दिसते. मुंग्यांची ओळ रस्ता ओलांडत होती, तेथे चौघे थांबले. बांधाच्या कडेचे वाळलेले गवत कुसळांनी भरले होते. सुनेच्या साडीच्या काठाला आणि नातीच्या मोज्यांना ती बिलगली. चढ लागला तशी पायाखालची माती संपून काळा दगड वर आला. हा सगळा लाव्हारसाचा मुलूख. अंगठ्याएवढ्या पोकळ्यांत चमकणारे पांढरे खडे नातीने दाखवले, त्याला शाळेत तिने गारगोटी म्हणून शिकले होते. सीताफळीची झुडपे फळे संपून विरळ झाली होती, कडुनिंब हिरवे होते. अण्णा बोलत होते. बोलणे तुटते का, याकडे मुलाचे लक्ष होते, म्हणून तो मुद्दाम जुन्या उधारीचे विषय काढत होता. आडत्याला उधारीवर बोलते ठेवणे सोपे असते.

क्षेत्रावर आजी वाट पाहत होत्या. सगळ्यांनी मिळून गुहांत दर्शन घेतले. येथील दारे इतकी ठेंगणी, की गुडघे टेकून, कमरेत वाकून, जवळजवळ रांगतच आत शिरावे लागते. आणि आत मान वर केली की समोर भगवान नेमिनाथांची पद्मासनस्थ भव्य मूर्ती. एवढ्या लहान दारातून ती आत कशी आणली असेल, हा प्रश्न प्रत्येक लहान मूल विचारते. डोंगर मूर्तीभोवती पोखरला असेल तर ती आणण्याचा प्रश्नच उरत नाही, असे नातीने आपल्यापुरते उत्तर काढले. पार्श्वनाथांच्या गुहेत लहानशा दगडी आधारावर तोललेली मूर्ती आहे, तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. तेथे अण्णा बराच वेळ बसले. शेवटच्या गुहेत बाहुबली. आजींना प्रत्येक दारात सुनेने हात दिला, आणि सातही गुहा त्यांनी पाहिल्या.

दर्शनानंतर अण्णा माथ्याकडे निघाले तेव्हा आजी म्हणाल्या, “मीही येते.” हे कोणाच्या हिशेबात नव्हते. पायवाट आखूड, पण खडीची आणि घसरती. आजी एका हातात काठी, दुसरा हात नातीच्या खांद्यावर, अशा चढल्या. सात ठिकाणी बसल्या. गिरनारला जाण्याची त्यांची इच्छा चाळीस वर्षांची. सुमारे दहा हजार पायऱ्यांचा तो डोंगर आता त्यांच्या वाट्याला येणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होते. नेमिनाथांचे निर्वाण गिरनारचे, आणि ही टेकडी त्यांच्या नावाची. त्यामुळे चढताना त्या काय म्हणत होत्या, हे कोणी विचारले नाही.

वर वारा होता. खाली जिंतूरची घरे एकाला एक लागून उन्हात पांढुरकी दिसत होती, आणि शहराच्या पलीकडे शेतांचे तुकडे : तुरीचा पिवळा, ज्वारीचा हिरवा, नुकत्या पेरलेल्या हरभऱ्याचा काळ्यावर हिरवट. उत्तरेला डोंगरांच्या घड्या एकीमागे एक फिकट होत गेल्या होत्या. दक्षिणेला मात्र जमीन हळूहळू उतरत जाऊन धुरकट होत होती, आणि त्या धुरकटात आभाळ कोठे सुरू होते ते सांगता येत नव्हते. परभणी जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या माणसाला आपला मुलूख सपाट वाटतो. त्याला उतार आहे, तो गोदावरीकडे कललेला आहे, हे उंचावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

अण्णांनी हात करून दाखवले : त्या घड्यांमागे येलदरी. १९६० च्या दशकात बांधलेल्या त्या धरणातून पूर्णा सुटते, पुढे सिद्धेश्वरला पुन्हा अडते, मग आग्नेयेला वाहत आपल्या गावाशी येते आणि थोड्याच अंतरावर कंठेश्वरला गोदावरीत मिळते. अण्णांच्या लहानपणी पूर्णेला धरण नव्हते. त्यांच्या वडिलांच्या काळात पावसाळ्यात नदी उतरेपर्यंत पलीकडच्या गावांचा माल मोंढ्यात येत नसे. हे सांगताना त्यांचे बोलणे एकदाही तुटले नाही.

मग त्यांनी मनातले सांगितले. “येथून जेवढे दिसते तेवढी माझी मर्यादा. अक्षय्य तृतीयेपर्यंत देशव्रत घेईन म्हणतो. पुढे जमले तर वाढवीन.”

काही वेळ कोणी बोलले नाही. मुलाच्या डोळ्यांपुढे पुण्याचे घर होते. नातीने मात्र प्रश्न गणितासारखा घेतला. दहावीच्या भूमितीत स्पर्शिका आणि पायथागोरस दोन्ही येतात. डोळ्यापासून क्षितिजापर्यंतची रेषा ही पृथ्वीला स्पर्शिका, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. टेकडी भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर उंच धरली तर क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर येते. तिने मोबाईलवर नकाशा काढला. जिंतूरपासून पूर्णा सरळ रेषेत साधारण साठ किलोमीटर.

“आजोबा, मग आपले घरच बाहेर राहते.”

अण्णा हसले, आणि त्यांचे हसणे पाहून मुलालाही हसू आले. ज्या घरात मर्यादा सांभाळून राहायचे तेच मर्यादेबाहेर. आजी म्हणाल्या, “म्हणजे आता येथेच राहा. मी रिक्षाने जाते.” सून तोंडाला पदर लावून दुसरीकडे पाहू लागली.

परंतु नातीचे प्रश्न संपले नव्हते, आणि तिचा पुढचा प्रश्न तितका हसण्यासारखा नव्हता. पाठशाळेत तिने तत्त्वार्थसूत्रातील व्रतांचे अतिचार पाठ केले होते. देशव्रताचे पाच : मर्यादेबाहेरून वस्तू मागवणे, मर्यादेबाहेर माणूस पाठवणे, आवाज देऊन पलीकडच्याला कळवणे, आपले रूप दाखवून खूण करणे, आणि काही फेकून लक्ष वेधणे. “आत्या पुण्यात आहे. तिला फोन केला तर तो शब्दानुपात का? आणि व्हिडिओ कॉल केला तर रूपानुपात?”

दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे अतिचार मोजले त्यांच्यापुढे मोबाईल नव्हता. तरीही एका जागी बसून दूरवर पसरणाऱ्या माणसाला त्यांनी अचूक ओळखले होते. मोंढ्यातला व्यापार तर याच पाच अतिचारांवर चालतो. भाव फोनवर ठरतो, नमुना फोटोत दिसतो, माल दुसऱ्याच्या हाताने जातो, आणि व्यापारी गादीवरून हलतही नाही. अण्णा विचारात पडले. व्यापाराचा फोन वेगळा आणि लेकीची खुशाली विचारण्याचा वेगळा, असे ते म्हणाले, पण आपण आपल्याला सोयीचे बोलत आहोत असे त्यांना लगेच वाटलेले दिसले, कारण पुढचे वाक्य त्यांनी हळू उच्चारले : “महाराजांना विचारावे लागेल.”

तेव्हा आजी बोलल्या. त्या एका दगडावर बसल्या होत्या, काठी आडवी मांडीवर.

“अहो, व्रत तुमचे आहे. ते घ्या, मी आड येणार नाही. पण जेथे तुम्ही जाणार नाही तेथे माझेही जाणे संपते. हे तुम्ही वहीत कोठे लिहिता?”

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले.

“लेकीकडे जाऊन मला तीन वर्षे झाली,” आजी म्हणाल्या. “तुम्हाला एकटे ठेवून मी जात नाही, हे कोणी मला सांगितलेले नाही. मीच ठरवले. नेमिनाथ भगवान परत फिरले, आणि राजुलमतीही गिरनारला गेली. पण तिची दीक्षा तिने तिच्या वैराग्याने घेतली. ती कोणाच्या मर्यादेत सापडली म्हणून गेली नाही. माझे नियम मी घेईन. मला पुण्याला जायचे आहे.”

एवढे सलग बोलणे त्यांचे घरात क्वचितच कोणी ऐकले होते. मुलाने तोंड उघडले, आणि पुण्याच्या घराचा विषय जो सहा महिने तो टाळत आला होता, तो तेथे वाऱ्यात, चपला हातात घेऊन बसलेल्या आई-वडिलांपुढे सांगून टाकला. खोल्या किती, दवाखाना किती जवळ, मंदिर चालत किती मिनिटांवर, असे तो सौद्यासारखे मांडत गेला. अण्णांनी मध्ये अडवले नाही. शेवटी त्यांनी एकच विचारले : “दुकानाची पाटी तीच राहील?” मुलगा म्हणाला, राहील. यापेक्षा जास्त त्या माथ्यावर ठरले नाही, आणि ठरेल अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती.

खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. धरलेल्या गुडघ्यांना उताराचाच त्रास अधिक, हे चालणाऱ्यांना माहीत असते. आजी काही ठिकाणी बसून सरकल्या आणि अण्णा प्रत्येक वळणावर त्यांच्यासाठी थांबले. एका ठिकाणी त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. आजींनी तो घेतला, पण काठी सोडली नाही.

सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायचे म्हणून क्षेत्रावरच डबे उघडले. दशम्या, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, तुरीच्या ओल्या दाण्यांची उसळ, आणि घरून गाळून आणलेले पाणी. ऊन तिरपे होऊन टेकडीची सावली शेतांवर लांब पसरली होती. परतीच्या एसटीत आजींना झोप लागली. अण्णा जागे होते. परभणीच्या फलाटावर त्यांनी मुलाकडे पेन मागितले, तिकिटाच्या मागे काही लिहिले आणि तिकीट खिशात ठेवले.

सोमवारी सकाळी मुलाने दुकानात दिवाळीला पूजलेली नवी वही उघडली, तेव्हा शेवटच्या पानावर अण्णांच्या हस्ताक्षरात दहा दिशा मांडलेल्या होत्या, नावे वर आणि खुणा समोर, खरेदीच्या नोंदीसारख्या. उत्तरेस येलदरी धरण. दक्षिणेस गोदावरी. पूर्वेस नांदेड, आणि कंसात ‘दवाखाना’. पश्चिमेस सेलू. वायव्य, ईशान्य, आग्नेय यांच्यापुढेही त्या त्या बाजूची गावे होती. ऊर्ध्व दिशेला नेमगिरीचा माथा, अधो दिशेला घरची विहीर. मुदत अक्षय्य तृतीयेपर्यंत. नैऋत्येसमोरची जागा कोरी होती.

बाहेर पहिल्या ढिगाचा लिलाव पुकारला जात होता. त्याने वही मिटली आणि जागेवर ठेवली.